चेंडू नको, जागा बघ

टीव्हीवर बायकांच्या क्रिकेटचा सामना लागला की आमच्या गेवराईच्या घरात मी आवाज मोठा करते आणि नवरा बारीक करतो. त्याला क्रिकेट कळतं, म्हणून त्याला समालोचन लागत नाही. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण मराठीतून बोलणारी ती माझी मैत्रीण द्वारका आहे एवढं कळतं आणि मला तेवढं पुरतं.

तिघं जण बोलत असतात. त्यातले दोघं अखंड, दम न खाता. तिसरी बराच वेळ गप्प, इतकी की चहा प्यायला उठून गेली की काय असं वाटावं. मग मधेच तिचा जाडसर, थोडा बसका आवाज येतो, "चेंडू सगळ्यांनाच दिसतोय. जागा बघा. उजव्या हाताची आतली बाजू मोकळी सोडलीय, पण तिच्या मागं सीमेवर कोण उभी आहे ते बघा." पुढच्याच षटकात ती बॅटिंग करणारी पोरगी नेमकी तिकडं उंच फटका मारते, आणि सीमेवरची पोरगी जागची न हलता झेल घेते. नवरा टीव्हीकडं न बघता माझ्याकडं बघतो. मीही तोंडावर असा भाव आणते की क्षेत्ररक्षण मीच लावलं होतं.

द्वारका भारताच्या संघाची कप्तान होती. हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा नव्या मुख्याध्यापकांना ऐकवलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ऐकवलं, सुनेच्या माहेरच्यांना तर पहिल्याच भेटीत. समोरचा माणूस हमखास विचारायचा, "आपल्या बीडची? आम्ही कधी बघितलं नाही." बघितलं नसणारच. कोणीच बघितलं नाही. ती खेळत होती त्या काळात बायकांचे सामने टीव्हीवर दाखवत नसत. पेपरात तीन ओळी यायच्या, त्यातही तिचं नाव एकदा 'द्वारकानाथ' छापलं होतं. पोरी बॅटी उराशी धरून आगगाडीच्या साध्या डब्यातून जायच्या, कुठल्यातरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायच्या आणि सकाळी देशासाठी खेळायच्या. तिने मारलेल्या एकाही चौकाराचं चित्र या जगात नाही. याचा तिला राग नव्हता. मला होता, अजून आहे.

आमची ओळख बीडच्या मुलींच्या वसतिगृहातली. ती धारूरकडच्या एका वस्तीवरून आलेली, मेंढपाळाच्या घरची. अंगाने काटक, केसांना तेल चोपडलेलं, आणि झोपायला जागा कायम दाराजवळची हवी. आत भिंतीकडची जागा मिळाली तर ती कुणाशीही बदलून घ्यायची. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही साऱ्या मुली रांगेत बसायचो. रेक्टरबाई वही उघडण्याआधीच द्वारका मान वळवून एकदा सगळीकडं बघायची आणि पुटपुटायची, "मागच्या वळीतली एक न्हाई." ती खरंच नसायची, न्हाणीघरात केस धूत बसलेली असायची. मी एकदा विचारलं, तू मोजतेस कधी? ती म्हणाली, "मोजायचं काय त्यात? कमी दिसायलंय."

ही सवय तिने कप्तान झाल्यावरही सोडली नाही. तिच्यासोबत खेळलेली एक मैत्रीण एकदा माझ्याकडं जेवायला आली होती, तिने सांगितलेली गोष्ट. परदेशातल्या विमानतळावर संघाचे मॅनेजर हातात पासपोर्टांचा गठ्ठा धरून पोरी मोजत होते. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा बरोबर भरल्या. द्वारका किटवर बसून शेंगदाणे खात होती. तिने एकदा मान वर केली आणि म्हणाली, विकेटकीपर मागं राहिली. मॅनेजर चिडले. शेवटी कळलं की त्यांनी दोन्ही वेळा स्वतःलाच धरून मोजलं होतं, आणि विकेटकीपर तिकडं एका खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली होती.

ती खेळाकडं आली ती शेळीमुळं. वसतिगृहाच्या आवारात आमच्या खेळाच्या बाईंनी, जोगदंडबाईंनी, हौसेनं गुलाब लावले होते. रस्त्यावरची एक शेळी रोज कुंपणातून आत यायची. एका दुपारी शेळी गुलाबाकडं निघाली आणि द्वारकाने व्हरांड्यातून एक ढेकूळ भिरकावलं. ते शेळीच्या चार हात पुढं पडलं. शेळी गर्रकन वळली आणि आल्या वाटेनं पळाली. बाई म्हणाल्या, एवढ्या लांबून फेकलंस, पण नेम चुकला गं. द्वारका म्हणाली, "चुकला न्हाई. तिला मारायचं न्हवतं, वळवायचं हुतं." जोगदंडबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात चेंडू दिला.

पण चेंडू हातात देणं सोपं होतं. तिच्या वडिलांना विचारायला कोण जाणार हा प्रश्न होता. शेवटी बाई निघाल्या आणि सोबत द्वारकाला आणि मला नेलं. धारूरच्या किल्ल्याच्या खालच्या उतारावर आबांची मेंढरं चरत होती. आबा म्हणजे द्वारकाचे वडील, उंच, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि बोलणं असं की शब्द विकत आणावे लागत असावेत. बाईंनी देश, नाव, पुढची नोकरी, सगळं सांगितलं. घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हिच्या जागी मेंढरामागं कोण?"

द्वारकाचा धाकटा भाऊ अजून लहान होता, आई नव्हती. आबांनी उतारावरच्या मेंढरांकडं एकदा बघितलं. मग द्वारकाकडं वळून म्हणाले, जायचंय का? तिने मान हलवली. "जा. मेंढ्या व्यायच्या वक्ताला मात्र यायचं." आणि आम्ही निघालो तेव्हा माझ्याकडं बघून, जणू मीच त्यातली जबाबदार असल्यासारखं, म्हणाले, "एक माणूस कमी झालं."

हे वाक्य द्वारकाच्या मनात रुतून बसलं. तिने आबांना दिलेला शब्द मात्र पाळला. जिल्ह्याकडून खेळताना पाळला, राज्याकडून खेळताना पाळला, आणि देशाची कप्तान झाल्यावरही पाळला. दिवाळीनंतर मेंढ्या विण्याचे दिवस आले की ती कुठूनही यायची. ती कप्तान झाल्यावर बीडमध्ये तिचा सत्कार ठरला. मांडव, बॅनर, बॅनरवर तिच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. सगळे जमले, सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. मी व्यासपीठावर घामाघूम. दोन तासांनी ती आली, मेंढरांच्या तळावरून थेट, सलवारीवर वाळलेले रक्ताचे डाग, ओढणीला लोकरीचे केस. माझ्या कानात म्हणाली, कोकरू आडवं आलतं, हात घालून काढावं लागलं. पुढाऱ्यांनी भाषणात तिला 'आपल्या मातीतली महान कबड्डीपटू' म्हटलं. ती शांतपणे हार घालून घेत होती. मी उठून माइकवर दुरुस्ती केली, आणि ती करताना माझा आवाज चढला असं लोक अजून सांगतात. चढला असेल.

मैदानावर ती काय करायची हे मला तिच्या मैत्रिणींकडून कळलं. ती पोरींना चेंडूमागं धावू देत नसे. मेंढरामागं जो माणूस मागंच उभा राहतो त्याची मेंढरं पांगतात, असं तिचं म्हणणं. मेंढरं जिकडं जाणार तिकडं आधी जाऊन उभं राहायचं. नव्या पोरीला ती मैदानात एकटीला उभी करायची आणि विचारायची, आता कुठं कोणी नाही ते सांग. पोरगी कुठं कोण आहे ते सांगायला लागली की म्हणायची, चेंडू नको, जागा बघ. ओरडायची नाही. बोटाने खूण करायची, दोन पावलं डावीकडं, एक पाऊल मागं, आणि झेल तिथंच यायचा.

मग न्यूझीलंडचा दौरा झाला. तिथल्या संघाविरुद्धच्या एका सामन्यात आपल्या पोरी पटापट बाद झाल्या आणि द्वारका एकटी टिकून राहिली. पाहणारे म्हणतात, तशी खेळी त्यांनी पुन्हा बघितली नाही. शतक हातातोंडाशी आलं होतं, सामना हातात होता, आणि ती एका साध्या सरळ चेंडूवर त्रिफळाचीत झाली. सामना थोडक्यात गेला. परत आल्यावर तिची कप्तानी गेली. समितीतल्या कुणीतरी म्हटलं म्हणे की ऐन वेळी तिचं चित्त ठिकाणावर राहत नाही. मी तिला फोन करून विचारलं, अगं, झालं तरी काय? ती म्हणाली, "नजर हलली." पुढं एक अक्षर नाही. नंतर मी दहा वेळा विचारलं असेल, दहाही वेळा हेच दोन शब्द मिळाले.

पुढं रेल्वेत नोकरी झाली, निवृत्तीही जवळ आली, आणि बायकांचं क्रिकेट टीव्हीवर दिसू लागल्यावर कुणाला तरी तिची आठवण झाली. मुंबईला स्टुडिओत पहिल्या दिवशी तिला सांगितलं गेलं की बोलत राहा, शांतता चालत नाही. तिने विचारलं, बोलण्यासारखं काही नसलं तर? तिची गप्प राहण्याची सवय आधी त्यांना दोष वाटली, आता त्याचंच कौतुक चालतं. तिचं बोलणंही हळूहळू सैल झालं. सुरुवातीला ती अगदी पाठ्यपुस्तकातलं बोलायची, आता एखादी पोरगी चांगली खेळली की "लई भारी" तोंडातून निसटतं.

एक गोष्ट मात्र तिने कधीच केली नाही. ती स्वतःबद्दल बोलली नाही. 'आमच्या वेळी' हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. एकदा शेजारच्या तरुण समालोचकाने चालू सामन्यात तिला तिच्या न्यूझीलंडमधल्या खेळीबद्दल विचारलं आणि हसत म्हणाला, फुटेजच नाही, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, जे दिसतंय त्याचं बोलू या. मी टीव्हीसमोर बसून त्या पोराला नाही नाही ते बोलले. नंतर तिला फोनवर म्हटलं, सांगायचं होतंस की. ती म्हणाली, "ज्याचं चित्र न्हाई, त्याचं समालोचन कसं करायचं?"

आबा दरवर्षी दिवाळीनंतर घाट उतरून मेंढरं घेऊन आमच्या गेवराईकडं यायचे, गोदाकाठच्या काळ्या रानात. शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतात, आज याच्या रानात, चार दिवसांनी त्याच्या. आता चालवतो तो धाकटा भाऊ. आबांना काचबिंदूनं जवळजवळ दिसत नाही, ते टेम्पोतून बिऱ्हाडाबरोबर येतात आणि तळावर बसून राहतात. त्यांच्या हातात काठी असते आणि बंडीच्या खिशात मोबाईल. सामना असला की भाऊ त्यांना लावून देतो. द्वारकाचा आवाज आला की आबा मोबाईल कानाशी नेतात, दुसऱ्या कुणाचा आला की गुडघ्यावर ठेवतात.

मी तळावर गेले की ते मला बसायला घोंगडं सरकवतात. गेल्या वर्षी असेच बसलो होतो. सामना संपला, त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, ही समद्या पोरींचं सांगती. हिचं हिनं कवा सांगायचं? मी गेल्यावर?"

द्वारकाची समजूत मी इतकी वर्षं ऐकत आले होते. आबाला खेळाचं काही नाही, ती म्हणायची, आबाला मेंढरांचं विचारा. आपण तळावरचं एक माणूस कमी केलं, ते त्यांनी कधी विसरलं नाही, असं तिला वाटायचं. आणि इकडं हा म्हातारा, पोरगी इतकी वर्षं होती कुठं आणि करत होती काय, ते ऐकायला कान लावून बसला होता. मी घरी येऊन तिला फोन केला आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने एवढंच विचारलं, तळ सध्या कुणाच्या रानात आहे?

दोन स्पर्धांच्या मधे सवड काढून ती आली. तळ तेव्हा हायवेजवळच्या कापूस वेचून झालेल्या रानात होता. मी डब्यात पोळ्या घेऊन गेले. सकाळची वेळ, भाऊ मेंढरं घेऊन गेला होता, मागं फक्त जाळीतली कोकरं आणि चुलीजवळ आबा. चहा झाला. आबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तिकडं लांबच्या मुलखात गेलतीस, तितलं सांग. टीव्हीत सांगतीस तसं.

"लई जुनं हाय ते, आबा."

"मग मी काय नवा हाय का?"

ती हसली. मग उठली, ओढणी कमरेला बांधली. आबांचा हात धरून दिशा दाखवल्या. ह्या अंगाला हायवे, तिकडून बोलर पळत येणार. तुमी बसलाव ती खेळपट्टी. मागं कोकरांच्या जाळीपाशी विकेटकीपर. बाभळीपाशी एक, विहिरीच्या अंगाला एक, ह्या दोघींच्या मधी मोकळी जागा. आणि तिने सुरुवात केली. आधी टीव्हीवरच्या मराठीत, मग चार चेंडूंत ते गळून पडलं आणि तिची स्वतःची बोली आली. पहिला चेंडू सोडून दिला. दुसरा बाभळी आणि विहिरीच्या मधून काढला. ती सांगेल तिकडं आबांची मान वळत होती. चौकार गेला की ते काठी जमिनीवर आपटायचे. मला क्रिकेट कळत नाही, पण त्या सकाळी मी पहिल्यांदा द्वारकाला खेळताना पाहिलं.

मग ती शेवटच्या चेंडूपाशी आली आणि थांबली.

"मग?" आबा म्हणाले.

"मग नजर हलली."

"कशानं?"

तिने एकदा माझ्याकडं बघितलं. मग आबांच्या समोर खाली बसली आणि म्हणाली, "बोलरच्या मागं डोंगर हुता, आबा. तितं मेंढरं चरायलती. बोलर पळत निघाली आन् त्यातली एक मेंढी कळपातून फुटली, वढ्याकडं निघाली. मागं माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. मी तिच्याकडं बघितलं. तेवढ्यात दांडी उडाली."

कप्तानी गेली ती याच्यापायी. समितीपुढं हे सांगून कुणाला पटलं असतं? मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. द्वारका मान खाली घालून बसली होती. पन्नाशी उलटलेली बाई, देशाची कप्तान, आणि वडील काय म्हणतात म्हणून बसली होती.

आबा म्हणाले, मागं माणूस कावून न्हाई? ती म्हणाली, तितं नसतंय, लांडगंच न्हाईत तितं. आबांना हे काही पटलं नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"पर मिळाली का ती?"

"कोण?"

"मेंढी. कळपाला मिळाली का न्हाई?"

द्वारकाने मान वर केली. "मिळाली. आउट होऊन आले, पॅड बी सोडले न्हाईत, पायरीवर बसून बघायलते. पोरी म्हणल्या, कॅप्टन रडायली. मेंढी वढ्यापतूर गेली, आन् वळली माघारी. मग उठले."

आबांनी अंदाजाने हात पुढं केला. तो तिच्या गुडघ्याला लागला, तिथंच राहिला.

"मी उगंच म्हनत बसलो," ते म्हणाले, "एक माणूस कमी झालं म्हनून. कमी न्हवतंच झालं."

जाळीत एक कोकरू ओरडलं, तसे आबा भानावर आले. काठी चाचपली, पाठ ताठ केली, आणि म्हणाले, आता पहिल्यापासून परत सांग. सावकाश. त्या बाभळीपाशी कोण उभी व्हती तिचं नाव बी सांग.

मला माझ्या जुन्या शाळेत एका कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून मी डबा उचलला आणि निघाले. बांधावरून वळून बघितलं. ती परत उभी राहिली होती, कमरेला ओढणी, एक हात हायवेकडं. पहिला चेंडू सोडून दिला असावा, कारण तिने हात खाली घेतला. मग तिने तो बाभळीकडं वळवला, आणि आबांनी मान तिकडं फिरवली.